पाणवठे खुले करणारे रावबहादूर बोले

प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिरापासून आगर बाजारमार्गे दादरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दर मंगळवारी हजारो भाविकांची रीघ लागते. या रस्त्याचे नाव एस. के. बोले मार्ग. हे बोले कोण, असे त्यांपैकी कोणाला विचारले, तर नेमके उत्तर मिळण्याची शक्यता फारच थोडी. दादर, प्रभादेवी, वरळी, परळ या गिरणगावच्या पट्ट्यात आयुष्य घालवलेल्या या माणसाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात एक ठराव मांडला. त्या ठरावाने कोणाला शिक्षा होणार नव्हती की दंड. सरकारला केलेली ती केवळ शिफारस होती. तरीही महाडच्या चवदार तळ्याकडे जाणारी वाट याच कागदावरून सुरू झाली. चवदार तळ्याचा इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. त्याआधीच्या साडेतीन वर्षांचा इतिहास मात्र पुस्तकांच्या एखाद-दुसऱ्या ओळीत आटोपला जातो. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे चरित्र म्हणजे बऱ्याच अंशी त्या ओळीचा विस्तार आहे.

बोले यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीस, भंडारी समाजात झाला. मुंबई बेटांच्या जुन्या रहिवाशांत कोळी, आगरी आणि भंडारी या तीन समाजांची नावे ओळीने येतात. माहीम, दादर, प्रभादेवी, वरळी या किनाऱ्यावर एकेकाळी नारळी-ताडांच्या वाड्याच वाड्या होत्या. त्या झाडांवर चढून माडी काढणे हा भंडाऱ्यांचा परंपरागत धंदा. इंग्रजी अमलाच्या आरंभी शहराच्या रखवालीसाठी भंडाऱ्यांची पथके होती. पुढे अबकारी कायदे कडक झाले, झाडांवरील कर वाढले, वाड्या तुटल्या आणि त्यांच्या जागी गिरण्यांची धुराडी उभी राहिली. पिढीजात धंदा बुडालेल्या या समाजापुढे शिक्षण आणि नोकरी हे दोनच मार्ग उरले. बोले यांच्या सार्वजनिक कार्याची सुरुवात याच प्रश्नापासून झाली. ज्ञातीतील मुलांनी शिकावे, व्यसनांपासून दूर राहावे आणि संघटित व्हावे, यासाठी त्यांनी तरुणपणापासून खटपट केली.

त्या काळी ज्ञातिसंस्थांची मुंबईत वाण नव्हती. वसतिगृह, शिष्यवृत्ती, वधू-वर सूचक यादी आणि वार्षिक संमेलन एवढ्यावर बहुतेकांचे कार्य थांबे. बोले मात्र आपल्या ज्ञातीच्या कुंपणातच राहिले नाहीत. त्याचे कारण त्यांच्या आसपासच्या वस्तीतच शोधावे लागते. परळ-लालबाग-वरळीच्या एकेका चाळीत कोकणचा कुळवाडी, घाटावरचा मराठा, भंडारी, आगरी आणि महार असे सारेच येऊन पडले होते. पोटासाठी सगळे एकाच भोंग्याच्या हाकेला धावत. त्यांच्यापैकी एकाच जातीचे भले करायचे, म्हणजे नक्की काय करायचे, हा प्रश्न तिथे वावरणाऱ्या विचारी माणसाला पडल्यावाचून राहणे कठीण होते.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या मागण्यांना प्रथम संघटित रूप दिले आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १८९७ च्या प्लेगने लोखंडे यांचा बळी घेतला आणि चळवळीचा दुवा तुटला. अशात विजेचे दिवे आले. पूर्वी अंधार पडला की गिरणी बंद होई. १९०५ च्या सुमारास विजेमुळे कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. कामगारांत असंतोष पसरला, वृत्तपत्रांत टीका झाली, सरकारने चौकशी समिती नेमली आणि पाठोपाठ आयोगही नेमला. याच वातावरणात बोले आणि हरिश्चंद्र तालचेरकर यांनी इतर सहकाऱ्यांसह कामगार हितवर्धक सभा स्थापन केली. आजच्या अर्थाने ही लढाऊ युनियन नव्हती. अर्ज लिहून देणे, मालक-मजुरांच्या तंट्यात मध्यस्थी करणे, अपघातात जायबंदी झालेल्यांना मदत मिळवून देणे, शिक्षण आणि दारूबंदी यांचा प्रचार करणे असे तिचे स्वरूप होते. ‘कामगार समाचार’ हे पत्रही सभेने चालवले. कामाचे तास कमी व्हावेत, ही मागणी सभेने लावून धरली. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुष कामगारांचा दिवस बारा तासांवर आला. पुढच्या पिढीतील लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना ही अर्जविनंत्यांची रीत मवाळ वाटली, आणि ती तशी होतीही. पण अर्जाचा मसुदा कसा करावा, कोणाकडे द्यावा आणि उत्तर येईपर्यंत पाठ कशी सोडू नये, याचे शिक्षण बोले यांना याच सभेत मिळाले. विधिमंडळात त्यांना त्याचाच उपयोग झाला.

या सुमारास घडलेला एक प्रसंग नोंदवण्याजोगा आहे. १९०७ मध्ये परळच्या डबक चाळीत राहणारा भीमराव आंबेडकर हा एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी मॅट्रिक झाला. त्या काळी एका महार मुलाने मॅट्रिक होणे ही असामान्य गोष्ट होती, म्हणून त्याच्या सत्काराची सभा भरली. कृष्णाजी अर्जुन केळूसकर या विद्याव्यासंगी शिक्षकाने आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाला भेट दिले. पुढच्या इतिहासामुळे ही भेट प्रसिद्ध झाली. त्या सभेचे अध्यक्षपद भूषवणारे गृहस्थ सीताराम केशव बोले होते, ही गोष्ट मात्र तितकी लक्षात राहिलेली नाही. भंडारी अध्यक्ष, मराठा लेखक आणि महार सत्कारमूर्ती असे ते व्यासपीठ होते. अशी सभा भरवणे त्या काळात सहज घडणारी गोष्ट नव्हती.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतिक विधिमंडळांची रचना बदलली आणि १९२० च्या अखेरीस निवडणुका झाल्या. काँग्रेसने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव होत्या. त्यामुळे ब्राह्मणेतर समाजातील कार्यकर्त्यांना प्रथमच विधिमंडळाचे दार उघडले. मतदानाचा हक्क मालमत्ता आणि करभरणा यांच्याशी बांधलेला होता. गिरणीत राबणाऱ्या माणसाला त्यात फारसे स्थान नव्हते आणि अस्पृश्य वर्गाला एखाद-दुसऱ्या सरकारनियुक्त सभासदावर समाधान मानावे लागे. या नव्या कौन्सिलात बोले सभासद म्हणून आले.

या कौन्सिलाचे अधिकार तुटपुंजे होते. शिक्षण, स्थानिक स्वराज्य, आरोग्य अशी खाती मंत्र्यांकडे होती. महसूल, पोलीस आणि न्याय ही कळीची खाती गव्हर्नरने आपल्या हाती राखली होती. सभासदाने मांडलेला ठराव मंजूर झाला, तरी तो सरकारवर बंधनकारक नसे. त्यामुळे अनेक जण या सभागृहाला वादविवाद मंडळ म्हणून हिणवत. बोले यांनी त्याच सभागृहाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. सरकारकडून एखादी गोष्ट लेखी कबूल करून घेता आली, तर तो कागद पुढे गावोगावच्या माणसांना दाखवता येतो, हे कामगार सभेतील अनुभवाने त्यांना ठाऊक होते.

तेव्हाची गिरणगाव-कोकणची स्थिती ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या ठरावाचे महत्त्व कळणार नाही. १९२० मध्ये सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते काढले आणि वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड येथे कामगारांसाठी चाळी बांधायला घेतल्या. एकट्या वरळीत अशा १२१ चाळी उभ्या राहिल्या. आज त्यांच्या जागी टोलेजंग इमारती येत आहेत. अशा वस्त्यांत आलेल्या कामगारांपैकी मोठा वर्ग रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील होता. मुंबईत नळाच्या तोटीला जात विचारता येत नसे. म्युनिसिपालिटीचे पाणी सर्वांसाठी एकच वाहे. पण म्हणून शहरात शिवाशिव संपली होती असे नव्हे. गिरणीत पिण्याच्या पाण्याची भांडी वेगळी असत. धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, या कारणाने चांगल्या मजुरीच्या साचाखात्यात अस्पृश्यांना प्रवेशच नव्हता. शिमग्याला किंवा गणपतीला हा कामगार गावी गेला, की उरलेसुरले स्वातंत्र्यही संपे. तालुक्याच्या गावी सार्वजनिक तळे असे, त्यावर गुरे पाणी पीत, परधर्मीयही पाणी भरत. या माणसाला मात्र कोणी वरून ओतेल तेव्हाच ओंजळ भरता येई. बाजारासाठी किंवा कचेरीच्या कामासाठी गावात आलेला माणूस उन्हाळ्यात तहानेने व्याकूळ झाला, तरी तळ्याच्या पायरीवर पाय ठेवू शकत नसे.

बोले यांच्या ठरावाची खरी ताकद त्याच्या मसुद्यात आहे. अस्पृश्यता हे पाप आहे, असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. धर्मशास्त्राचा आधार घेतलेला नव्हता की माणुसकीचे आवाहन केलेले नव्हते. जे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा सार्वजनिक पैशातून बांधल्या गेल्या किंवा चालवल्या जातात, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात आहेत, त्यांचा वापर करण्यास अस्पृश्य वर्गाला मोकळीक असावी. तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने त्यांना खुले असावेत, अशी ती शिफारस होती. धर्माच्या प्रश्नात हात घालणार नाही, ही इंग्रज सरकारची नेहमीची ढाल. बोले यांनी प्रश्न धर्माच्या अंगणातून उचलून तिजोरीच्या दारात नेऊन ठेवला. जे सर्वांच्या पैशाने उभे राहिले, ते सर्वांचे, या व्यवहाराच्या नियमाला नाही म्हणणे सरकारलाही अवघड होते आणि कौन्सिलातील सनातनी मंडळींनाही. ठराव मंजूर झाला.

सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी आदेश काढून आपल्या खातेप्रमुखांना ठरावाची अंमलबजावणी करण्यास सांगितले. नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या बाबतीत मात्र जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना तसा सल्ला द्यावा, एवढेच म्हटले. सरकारी आदेशात सल्ला हा शब्द आला, की त्याचे पुढे काय होते, हे सांगायला नको. बोर्डांचे सभासद स्पृश्य मतदारांच्या मतांवर निवडून येत. त्या मतदारांना दुखवून तळे खुले करण्याची हिंमत फारच थोड्यांनी दाखवली. कुलाबा जिल्ह्यातील महाड नगरपालिका त्या थोड्यांपैकी एक. तिने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. पण तळ्याकाठच्या वस्तीचा विरोध एवढा तीव्र होता, की त्या ठरावाचा फायदा घ्यायला कोणी धजावले नाही. कागदावर तळे खुले होते आणि प्रत्यक्षात बंद.

बोले यांनी तीन वर्षे वाट पाहिली आणि ५ ऑगस्ट १९२६ रोजी ते पुन्हा उभे राहिले. पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करण्यास नकार देणाऱ्या नगरपालिका आणि लोकल बोर्डांना सरकारने अनुदान देऊ नये, असा दुसरा ठराव त्यांनी मांडला. आपण पहिल्या वेळी कोठे कमी पडलो, हे त्यांनी अचूक हेरले होते. सल्ल्याने जे होत नाही, ते पैशाची नाडी आवळल्यावर होऊ शकते, असा त्यामागचा हिशेब होता. हा हिशेब प्रत्यक्षात फारसा उतरला नाही, ही वस्तुस्थिती आहे. पण एकदा ठराव करून, टाळ्या घेऊन, पुढच्या विषयाकडे वळणाऱ्या लोकप्रतिनिधींपैकी ते नव्हते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

१९२६ हे वर्ष बोले यांच्या आयुष्यातील सर्वाधिक धामधुमीचे म्हणावे लागेल. ग्रामजोशांच्या वतनाचा प्रश्न याच वर्षी निकाली निघाला. महात्मा फुले यांच्या काळापासून सत्यशोधक मंडळी भिक्षुकाविना लग्ने लावत. अशा वेळी गावचा वतनदार जोशी कोर्टात दावा लावी आणि विधी त्याने केलेला नसला, तरी त्याची दक्षिणा त्याला मिळाली पाहिजे, असा निकाल मिळवी. न घेतलेल्या सेवेचे पैसे वंशपरंपरेने द्यावे लागण्याचा हा प्रकार बोले यांनी विधिमंडळात धसास लावला आणि १९२६ च्या कायद्याने ही सक्ती संपली. कोकणातील कुळांना नाडणाऱ्या खोतीच्या प्रश्नावरही त्यांनी विधिमंडळात आवाज उठवला. खोती नष्ट व्हायला मात्र स्वातंत्र्यानंतरचा कायदा यावा लागला.

त्याच वर्षी दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात मोठा पेच उभा राहिला. उत्सवाची वर्गणी सगळ्या जातींकडून गोळा होते, तर पूजेचा मान अस्पृश्यालाही का नको, असा प्रश्न प्रबोधनकार ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिळक पुलाजवळच्या मंडपात उभा केला. डॉ. आंबेडकर आणि रावबहादूर बोले हेही तेथे होते. वातावरण तापले. अखेर दलित कार्यकर्ते गणपत जाधव ऊर्फ मडकेबुवा यांच्या हातून फुले स्वीकारून ती पुजाऱ्याने मूर्तीला वाहावीत, अशी तडजोड झाली. त्यानंतर याच मंडळींनी दादरला सर्वांसाठी खुला असा सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. मुंबईत आज गल्लोगल्ली होणाऱ्या नवरात्राच्या सार्वजनिक रूपाची पाळेमुळे शोधताना या घटनेपाशी थांबावे लागते.

पाणवठ्यांचा ठराव, जोशी वतन आणि दादरचा गणपती या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या, की बोले यांच्या विचाराचे सूत्र हाती लागते. वर्गणी आणि कर सर्वांचा असेल, तर हक्कही सर्वांचा. आणि जी सेवा घेतली नाही, तिचे पैसे देण्याची सक्ती कोणावरही नाही. सार्वजनिक हा शब्द मराठीत तेव्हा जोमाने रूढ झाला होता. सार्वजनिक सभा, सार्वजनिक उत्सव, सार्वजनिक वाचनालय असे सारे काही होते. त्या शब्दातील सर्व जन नेमके कोण, हा साधा प्रश्न बोले आयुष्यभर विचारत राहिले.

त्या प्रश्नाचे उत्तर कौन्सिलाबाहेर, महाडला मिळाले. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी तेथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. बोले यांचा ठराव आणि नगरपालिकेचा ठराव हे दोन्ही कागद परिषदेच्या पाठीशी होते. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांच्या सूचनेनंतर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंचा समुदाय चवदार तळ्यावर गेला आणि पाणी प्याला. नंतर परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. तळे बाटले म्हणून पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते शुद्ध करण्यात आले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला, बोले यांच्या पहिल्या ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण होत असताना, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

बोले यांच्या ठरावाचे मोल ठरवताना दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींच्या मते खरे श्रेय त्यांचेच. महाडला जे झाले, ती केवळ अंमलबजावणी होती. काहींच्या मते साडेतीन वर्षांत एकही ओंजळ भरू न शकलेला ठराव म्हणजे निव्वळ कागद. दोन्ही मते अपुरी आहेत. ठरावाने पाणी मिळाले नाही, हे खरेच. जीव धोक्यात घालून तळ्यावर गेलेल्या माणसांनी ते मिळवले. त्यांच्या धैर्यातील वाटा मागण्याचा अधिकार कोणत्याही विधिमंडळाला नाही. पण ती माणसे तळ्यावर गेली, ती कायदा मोडायला गेली नव्हती. सरकारने आणि नगरपालिकेने मान्य केलेला हक्क बजावायला ती गेली होती. बेकायदा वागत होते ते अडवणारे. सत्याग्रहाला हे कायदेशीर अधिष्ठान बोले यांच्या मसुद्याने दिले होते. लोकप्रतिनिधीने जनतेसाठी काय करावे, याचा हा वस्तुपाठ आहे.

रावबहादूर हा इंग्रज सरकारचा किताब. तो लावणाऱ्या माणसाकडे स्वातंत्र्यचळवळीच्या ऐन भरात संशयाने पाहिले जाई. सरकारशी सहकार्य करून पदरात पडेल ते घ्यावे, ही बोले यांच्यासारख्या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांची रीत राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींना रुचणे शक्य नव्हते. इतिहासात त्यांचे नाव मागे पडण्याचे हे एक कारण असावे. दुसरे कारण त्यांच्या कामाच्या स्वरूपातच आहे. मसुदा, दुरुस्ती, उपसूचना आणि पाठपुरावा यांच्या पोवाड्यांना विषय म्हणून काही उपयोग नसतो.

बोले यांना मात्र दीर्घायुष्य लाभले. नव्वदी ओलांडून १९६१ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांनी आपल्या ठरावाचे भवितव्य डोळ्यांनी पाहिले होते. अस्पृश्यता नष्ट करणारे अनुच्छेद १७ घटनेत आले आणि ती पाळणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा १९५५ मध्ये झाला. घटनेचे अनुच्छेद १५ वाचताना तर १९२३ च्या मसुद्याची आठवण हटकून होते. संपूर्णपणे किंवा अंशतः सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरापासून कोणालाही जात, धर्म, वंश, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून वंचित ठेवता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. सार्वजनिक पैशाची तीच कसोटी तिथेही आहे. १९२३ मध्ये एका भंडारी सभासदाने केलेली शिफारस २७ वर्षांनी प्रजासत्ताकाच्या मूलभूत हक्कांत दिसू लागली. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, १९०७ च्या त्या सभेत बोले यांच्या अध्यक्षतेखाली ज्याचा सत्कार झाला, तोच मॅट्रिकचा विद्यार्थी.